पेनल्टीच्या वेळी कोणी आत शिरले, म्हणून किक पुन्हा घ्यायची असते का?

फुटबॉलमधील पेनल्टी किकच्या क्षणी थांबवलेले एक चित्र, पेनल्टी क्षेत्राच्या आत आलेल्या दोन-तीन खेळाडूंभोवती लाल वर्तुळे आणि खाली संतप्त मजकूर, असा ऐवज जवळजवळ प्रत्येक मोठ्या सामन्यानंतर फिरत असतो. मजकुराचा आशय ठरलेला असतो: किक मारण्यापूर्वी कोणताही खेळाडू आत शिरला तर किक पुन्हा घ्यावीच लागते, पंचांनी ती घ्यायला लावली नाही, म्हणजे एक तर त्यांना नियम ठाऊक नाही किंवा ते विकले गेले आहेत, आणि व्हीएआर, म्हणजे चित्रण पाहून पंचांना मदत करणारी व्यवस्था, असताना तर सबबच उरत नाही. या दाव्याचा एकेक तुकडा तपासला, तर त्यातला फारच थोडा भाग टिकतो.

सुरुवात चित्रापासूनच करू. किक मारणारा आणि गोलरक्षक सोडून उरलेल्या वीसही खेळाडूंनी मैदानात, पेनल्टी क्षेत्राबाहेर, पेनल्टी बिंदूच्या मागे आणि त्या बिंदूपासून किमान ९.१५ मीटर अंतरावर थांबायचे असते. बिंदू गोलरेषेपासून ११ मीटरवर आणि क्षेत्राची पुढची रेषा १६.५ मीटरवर असल्याने समोरच्या बाजूने ती रेषा बिंदूपासून जेमतेम साडेपाच मीटर दूर पडते. उरलेले अंतर राखण्यासाठीच तिच्यापुढे कमान आखलेली असते. (आपल्या मैदानांवर सबंध पेनल्टी क्षेत्रालाच ‘डी’ म्हणण्याची सवय आहे, पण इंग्रजी डीसारखी दिसते ती ही कमान, आणि तिच्या आतली जागा पेनल्टी क्षेत्रात मोडत नाही.) हे बंधन चेंडू पायाने मारला जाऊन स्पष्टपणे हलेपर्यंतच असते. सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) चित्रणात दोन चौकटींमध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग जातो. तेवढ्या वेळात ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू एक मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो, आणि सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू सुमारे २४ सेंटिमीटर आत आलेला असतो. म्हणजे ज्या चित्रात चेंडू बिंदू सोडून मीटरभर पुढे दिसतो, त्यात रेषेच्या वीतभर आत असलेला खेळाडू किकच्या क्षणी बाहेरच असू शकतो. लाल वर्तुळे काढणारे बहुतेक वेळा चेंडूकडे पाहतच नाहीत.

आता समजा, खेळाडू खरोखरच वेळेआधी आत आला. ‘किक पुन्हा घ्यावीच लागते’ हे विधान तरीही चुकीचे आहे, आणि ते आजच नव्हे, पूर्वीही चुकीचेच होते. जुन्या नियमानुसार बचाव करणाऱ्या संघाचा खेळाडू आत आला आणि गोल झाला, तर गोल कायम राहत असे. नियम मोडणाऱ्या संघालाच त्याचा फायदा मिळू नये, हे त्यामागचे साधे कारण. गोल झाला नाही, तरच किक पुन्हा. किक मारणाऱ्याचा सहकारी आत आला आणि गोल झाला तर किक पुन्हा. गोल झाला नाही तर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी किक. दोन्ही संघांचे खेळाडू आत आले तर मात्र किक पुन्हा घ्यावी लागे. म्हणूनच पंच संकेत दिल्यानंतर कोणी आत धावला, तरी खेळ तिथेच थांबवत नाहीत. किक होऊ देतात, परिणाम पाहतात आणि मग निर्णय देतात.

इथे टीकाकारांचे एक म्हणणे मान्य केले पाहिजे. त्या काळात नियमाचे शब्द आणि मैदानावरचा व्यवहार यांचे फारसे जमत नव्हते. पाऊलभर आत आलेल्या खेळाडूकडे पंच सर्रास काणाडोळा करत, आणि नियमाच्या शब्दांवर बोट ठेवून तक्रार करणारा प्रेक्षक तेव्हा चुकत नव्हता. परंतु २ मार्च २०२४ रोजी स्कॉटलंडमधील लॉक लोमंड येथे झालेल्या वार्षिक सभेत आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळाने, म्हणजे आयफॅबने, नियमाचे हे कलमच बदलले, आणि १ जुलै २०२४ पासून नवा मजकूर लागू झाला. तेव्हापासून आत आलेल्या खेळाडूला शिक्षा होते ती त्याच्या आत येण्याने काही घडले असेल तरच. किक मारणाऱ्याच्या सहकाऱ्याच्या बाबतीत दोन प्रसंग सांगितले आहेत. त्याच्या आत येण्याचा गोलरक्षकावर स्पष्ट परिणाम झाला, तर गोल झाल्यास किक पुन्हा आणि न झाल्यास अप्रत्यक्ष फ्री किक. किंवा परतलेला चेंडू त्याने खेळला अथवा त्यासाठी प्रतिस्पर्ध्याशी झुंज दिली आणि त्यातून गोल केला, गोलचा प्रयत्न केला किंवा तशी संधी निर्माण केली, तर अप्रत्यक्ष फ्री किक. बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूला हेच तत्त्व उलट बाजूने लागते: त्याने किक मारणाऱ्याला स्पष्टपणे विचलित केले आणि गोल हुकला, किंवा आत आल्यामुळेच त्याने परतलेला चेंडू गाठून प्रतिस्पर्ध्यांची संधी हिरावली, तर किक पुन्हा. चेंडू थेट जाळ्यात गेला आणि मागे कोणी दोन पावले आत येऊन नुसता उभा असला, तर त्याच्यामुळे काहीच घडलेले नसते. लाल वर्तुळांतले बहुतेक खेळाडू असे असतात. थांबवलेल्या चित्रात कोण आत होता हे कदाचित दिसेल, पण त्याच्या तिथे असण्याने काय घडले हे त्यात दिसत नाही, आणि आजचा नियम विचारतो ते हेच.

‘स्पष्ट परिणाम’ म्हणजे नेमके काय, हे अर्थातच पंचांच्या निर्णयावर सोडलेले आहे. त्याबद्दल मतभेद होतील, आणि ते रास्त असतील. पण तो वाद निर्णयाच्या बरोबर-चुकीचा आहे, पंच विकले गेल्याचा नव्हे.

व्हीएआरचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. त्याच्या कार्यपद्धतीत पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने किंवा किक मारणाऱ्याने केलेला नियमभंग येतो. इतर खेळाडूंचे अतिक्रमण मात्र चेंडू खांबाला, आडव्या दांड्याला किंवा गोलरक्षकाला लागून परतला आणि आत आलेला खेळाडू प्रत्यक्ष खेळात सहभागी झाला, तरच येते. गोल थेट झाला असताना व्हीएआर गप्प बसला, याचा अर्थ तो झोपला होता असा नाही. आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५च्या हंगामापर्यंत व्हीएआर नव्हतेच, आणि स्थानिक सामन्यांत ते असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे पंचांकडे उपाय एकच, सगळे खेळाडू जागेवर थांबल्याशिवाय शिट्टी न वाजवणे.

राहिला गोलरक्षक. ‘मग २०१९ साली कशी किक पुन्हा घ्यायला लावली?’ असा प्रश्न या दाव्याच्या समर्थनार्थ हमखास येतो. १७ जून २०१९ रोजी रेन येथे महिला विश्वचषकात फ्रान्सच्या वेंडी रेनारने मारलेली पेनल्टी खांबाला लागली. परंतु नायजेरियाची गोलरक्षक चियामाका न्नाडोझी किकपूर्वीच गोलरेषा सोडून पुढे आल्याचे व्हीएआरने दाखवले, किक पुन्हा झाली, रेनारने गोल केला आणि फ्रान्सने सामना १-० असा जिंकला. हे उदाहरण खरे आहे, पण ते दाव्याच्या बाजूचे नाही. एक तर तो नियमभंग आत शिरलेल्या खेळाडूचा नव्हे, गोलरक्षकाचा होता, आणि त्याचे कलम वेगळे आहे. दुसरे म्हणजे २०२०मध्ये तेही बदलले. चेंडू गोलरक्षकाने अडवला असेल, तर रेषा सोडल्याबद्दल किक आजही पुन्हा होते. पण तो बाहेर गेला किंवा खांबाला लागून परतला, तर गोलरक्षकाच्या पुढे येण्याचा किक मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच. रेनारची पहिली किक आजच्या नियमाखाली झाली असती, तर केवळ न्नाडोझीचा पाय रेषेपुढे होता एवढ्यावर ती पुन्हा घेता आली नसती.