ममी हलवल्या म्हणून जहाज अडकलं? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

मंडळी, तो मेसेज परत फिरायला लागलाय. ग्रुपवर कोणी इजिप्तच्या टूरबद्दल विचारलं की त्याखाली हमखास येतोच. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की 2021 साली कैरोत राजांच्या ममी जुन्या म्युझियममधून नव्या म्युझियममध्ये हलवायला घेतल्या आणि 'फेरोचा' (म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाचा) शाप लागला, सुएझ कालव्यात जहाज अडकलं, रेल्वेची टक्कर झाली, बिल्डिंग कोसळली. पुढे असंही की तीन हजार वर्षांत या ममींना कोणी हात लावला नव्हता, तुतानखामुन राजाच्या थडग्यावर शाप कोरलेला होता आणि ते उघडणारे सगळे तडफडून मेले, आणि म्हणूनच नव्या म्युझियममधल्या ममींच्या हॉलमध्ये अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, तेव्हा तिकडे फिरकू नका. सोबत सोनेरी मुखवट्याचा फोटो. लोक हे खरं मानून आयटिनररीतून तो दिवस गाळायला लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तारखाच बघा. एव्हर गिव्हन जहाज अडकलं 23 मार्चला, इजिप्तमधल्याच सोहाग शहराजवळ रेल्वेची टक्कर झाली 26 मार्चला, कैरोतली बिल्डिंग पडली 27 मार्चला, आणि ममी जुन्या म्युझियममधून बाहेर निघाल्या 3 एप्रिलला. म्हणजे तिन्ही घटना होऊन गेल्या, जहाज 29 मार्चला सुटलंसुद्धा, तोपर्यंत ममी तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्येच होत्या. यावर काही जण म्हणतात की हलवायचं ठरलं म्हणूनच राजे चिडले. अहो पण ते काय त्या आठवड्यात ठरलं नव्हतं, नव्या म्युझियमची पायाभरणी 2002 मधली आणि त्याचा काही भाग 2017 मध्येच उघडला होता. आणि ज्या दिवशी खरंच 22 ममी, 18 राजे आणि 4 राण्या, सजवलेल्या गाड्यांतून कैरोच्या रस्त्यावरून गेल्या, त्या दिवशी काहीही वाईट झालं नाही, 21 तोफांची सलामी देऊन स्वागत झालं, जगभर लोकांनी टीव्हीवर बघितलं.

जहाजाचं कारण तर समोर आहे. 400 मीटर लांब जहाज, वर कंटेनरची भिंत, कालव्याच्या दक्षिणेकडचा अरुंद एकेरी भाग आणि त्या दिवशी जोराचा वारा आणि धुळीचं वादळ. सुटलं ते ड्रेजर, टगबोटी आणि उधाणाच्या भरतीमुळे, त्या वर्षी होळीची पौर्णिमा 28 मार्चला होती आणि दुसऱ्या दिवशी जहाज हललं, कोकणातल्या माणसाला तर हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या जहाजावरचे सगळे 25 खलाशी भारतीय होते, जहाज सुटल्यावरसुद्धा भरपाईच्या वादात जुलैपर्यंत तिथेच अडकून पडलं, त्याबद्दल मात्र या फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

रेल्वेचं वाचून तर मला राग येतो. माणसं मेलीयत तिथे. सरकारी वकिलांच्या तपासात पुढे आलं की मागून धडकलेल्या गाडीचा ड्रायव्हर आणि असिस्टंट आपल्या जागेवर नव्हते आणि गाडीची ऑटोमॅटिक कंट्रोल सिस्टिम बंद केलेली होती. हे एकदा शापाच्या नावावर टाकलं की कोणाला जबाबदार धरायलाच नको. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना उत्तर कोण देणार, तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा?

आता 'कधीच कोणी हात लावला नव्हता' हे वाक्य. यातल्या बहुतेक राजांचा मेल्यानंतरचा प्रवास जिवंतपणीच्या प्रवासाइतकाच मोठा आहे. लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यातली (व्हॅली ऑफ द किंग्स) थडगी प्राचीन काळातच चोरांनी फोडली होती, म्हणून इसवी सनापूर्वी 1000 च्या आसपास पुजाऱ्यांनीच ममी काढल्या, फाटलेलं कापड परत गुंडाळलं, एका थडग्यातून दुसऱ्यात असं करत शेवटी जवळच्याच देर एल-बहरीच्या डोंगरात लपवल्या. कधी हलवलं याच्या नोंदी त्यांनी कापडावर आणि शवपेट्यांवर शाईने लिहून ठेवल्यात, दुसऱ्या रामसेसचीसुद्धा अशी नोंद आहे. मग 1870 च्या दशकात तिथल्या अब्द एल-रसूल कुटुंबाला ती जागा सापडली आणि ते बरीच वर्षं तिथल्या वस्तू गुपचूप विकत होते. 1881 मध्ये सरकारला कळलं, पुरातत्त्व खात्याच्या एमिल ब्रुग्शने घाईघाईत काही दिवसांत ती जागा रिकामी केली आणि बोटीतून सगळं कैरोला नेलं. तेव्हा नाईलच्या काठावर गावोगावच्या बायका रडत उभ्या होत्या आणि पुरुष बंदुकांचे बार काढत होते, आपल्या घरचं कोणी गेल्यासारखे. दुसऱ्या बऱ्याच ममी 1898 मध्ये दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात सापडल्या. 1976 मध्ये दुसरा रामसेस विमानाने पॅरिसला गेला, ममीला बुरशी लागली होती, गॅमा किरणांनी ती मारली. लष्करी मानवंदना मिळाली हे खरंय, पण त्याच्या पासपोर्टचा जो फोटो फिरतो तो आत्ताच्या काळात कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. एवढ्या वेळा हलवून झाल्यावर शाप नेमका 2021 लाच कसा जागा झाला?

तुतानखामुन. याच्यावर जास्त लिहावं लागेल कारण सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. थडगं सापडलं नोव्हेंबर 1922 मध्ये, उत्खननाला पैसे लावणारे लॉर्ड कार्नार्व्हन वारले 5 एप्रिल 1923 ला. डास चावला, दाढी करताना त्यावर वस्तरा लागला, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं आणि पुढे न्यूमोनिया. तब्येत जुन्या मोटार अपघातापासून नाजूकच होती आणि पेनिसिलिनचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. मग शाप आला कुठून? त्यांनी थडग्याच्या बातम्यांचे हक्क लंडनच्या टाइम्सला विकले होते, बाकीच्या पेपरांच्या बातमीदारांना दाराबाहेर उन्हात बसून राहावं लागत होतं, छापायला काही मिळेना, आणि अशात हा मृत्यू. 'फेरोची झोप मोडणाऱ्याला मृत्यू पंखांवरून येऊन गाठेल' अशा अर्थाचं जे वाक्य सगळीकडे फिरतं ते त्या थडग्यात कुठेही कोरलेलं नाही.

आणि उघडणारे सगळे मेले का? हॉवर्ड कार्टर, ज्याने स्वतःच्या हाताने फोडलं, तो 1939 पर्यंत जगला. कार्नार्व्हन यांची मुलगी लेडी एव्हलिन अगदी सुरुवातीला आत गेलेल्यांपैकी, ती 1980 मध्ये वारली. 1925 मध्ये ममी उघडून तपासणारे डॉक्टर डग्लस डेरी 1961 पर्यंत होते. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा रीतसर अभ्यास आला होता, कार्टरच्या नोंदींमधले 44 पाश्चात्त्य लोक घेतले, त्यातले 25 जण थडग्याच्या किंवा ममीच्या संपर्कात आलेले, ते सरासरी 70 वर्षं जगले आणि शापाचा काही परिणाम दिसला नाही. त्या काळाच्या मानाने 70 म्हणजे चांगलंच आयुष्य.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी, धमक्या देणारे लेख इजिप्तमध्ये खरंच आहेत. गिझाला पिरॅमिडच्या कामगारांच्या कबरींमध्ये 'नासधूस करणाऱ्याला मगर खाईल, साप डसेल' असं लिहिलेलं सापडलंय. पण ते तुतानखामुनच्या हजारभर वर्षं आधीचं, आणि चोरांना भीती घालण्यासाठी. नुसत्या भेटायला आलेल्या माणसाला ते लोक उलट विनंती करायचे, 'इथून जाणाऱ्यांनो, माझं नाव घ्या, माझ्यासाठी भाकरी आणि बिअरचा मंत्र म्हणा' असे लेख कितीतरी कबरींवर आहेत. आपलं नाव कोणीतरी उच्चारत राहावं हीच तर त्यांची इच्छा. मग आपण जाऊन काचेजवळ उभं राहून सेकेनेनरे राजा, हातशेपसुत राणी अशी नावं वाचतो त्यात त्यांचा कोप होण्यासारखं काय आहे?

अंधाराचं सांगतो. हॉल खाली आहे, उतारावरून जावं लागतं, राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यात उतरल्यासारखं वाटावं म्हणून तसा बनवलाय आणि उजेडाने कापड आणि कातडी खराब होते म्हणून दिवे मंद. फोटोला बंदी आहे कारण ती मेलेली माणसं आहेत. हा आदराचा प्रश्न तिथे जुना आहे, 1980 च्या सुमाराला अध्यक्ष सादात यांनी जुन्या म्युझियममधली ममींची खोलीच बंद करायला लावली होती, ती 1994 मध्ये परत उघडली. प्रेतं अशी मांडून ठेवावीत का यावर वाद घाला, मी ऐकून घेईन, मला स्वतःलाही तो प्रश्न पडतो. लहान मूल घाबरेल असं वाटत असेल तर त्याला बाहेरच्या हॉलमध्ये ठेवा, तेही बरोबर. पण शाप हे कारण नाही. आपल्याकडे कोलकात्याला, बडोद्याला, जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये कितीतरी वर्षं ममी आहेत, शाळेच्या सहली जातात.

आणि या शापाच्या नादात खरं बघायचं राहून जातं हो. सेकेनेनरेच्या कवटीवर कुऱ्हाडीचे घाव डोळ्यांनी दिसतात, सीटी स्कॅनवरून तज्ज्ञांचं मत असं की हात बांधून अनेकांनी मिळून मारलं. तिसऱ्या रामसेसचा गळा चिरलेला होता हे 2012 मध्ये स्कॅनवरून कळलं, त्याला मारण्याच्या जनानखान्यातल्या कटाच्या खटल्याचे कागद आधीपासून होतेच. सिप्ताह राजाचा डावा पाय वाकडा. हातशेपसुतची ओळख 2007 मध्ये एका पेटीत सापडलेल्या दाढेवरून पटवल्याचं जाहीर झालं. आणि दुसऱ्या रामसेसच्या नाकात मिऱ्याचे दाणे निघाले, काळी मिरी, मूळची आपल्या मलबारकडची! तीन हजार वर्षांपूर्वी ती तिथपर्यंत कशी पोचली असेल याचा विचार करत मी तर त्या काचेसमोर तासभर उभा राहीन.

शेवटचं, त्या सोनेरी मुखवट्याच्या फोटोबद्दल. तो तुतानखामुनचा, आणि तुतानखामुन त्या 22 जणांत नव्हताच. त्याची ममी अजून लक्सरला त्याच्याच थडग्यात आहे, त्याचा खजिना आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये, जे 1 नोव्हेंबर 2025 ला अधिकृतपणे उघडलं, आणि मिरवणुकीतले राजे कैरोतल्या फुस्तात भागातल्या नॅशनल म्युझियम ऑफ इजिप्शियन सिव्हिलायझेशनमध्ये. टूरवाल्याला विचारताना ही नावं नीट सांगा, कारण 'इजिप्तचं म्युझियम' एवढंच म्हटलं तर तो तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियमला नेईल आणि हे राजे आता तिथे नाहीत.