सगळे फादर गरिबीची शपथ घेतात? नाही!

एक मेसेज फिरतोय, की सगळे कॅथलिक फादर गरिबीची शपथ घेतात मग एखाद्याच्या नावावर गाडी नाहीतर बँकेत पैसे दिसले म्हणजे त्याने शपथ मोडली. हे चूक आहे. धर्मप्रांताचे फादर, म्हणजे ठराविक भागातल्या चर्चमधे तिथल्या बिशपच्या (प्रमुख धर्मगुरूच्या) हाताखाली काम करणारे, त्या बिशपला आज्ञापालनाचं वचन देतात, ब्रह्मचर्य पाळतात, पण गरिबीचं व्रत ते घेतच नाहीत. त्यांनी साधं रहावं असं चर्चचा कायदा (कलम २८२) सांगतो, त्यावरून कोणी प्रश्न विचारला तर तो रास्तच आहे.

गरिबीचं व्रत घेतात ते धर्मसंघातले लोक, म्हणजे व्रतं घेऊन एका संघाच्या नियमाने जगणारे, फ्रान्सिस्कन, जेझुइट, सिस्टर्स वगैरे. आणि ते खरंच कडक असतं हो, शिकवून मिळालेला पगारसुद्धा स्वतःचा नाही, तो संघाचा, साधी चप्पल हवी तरी वरिष्ठांना विचारायचं. मदर तेरेसांनी १९५० मधे कलकत्त्यात सुरू केलेल्या संघात तर गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन व्रतांशिवाय चौथं व्रतही आहे, गरिबातल्या गरिबांची मनापासून आणि विनामोबदला सेवा.

आणि संघाची मोठी शाळा आहे म्हणून तिथली सिस्टर श्रीमंत, असंही नसतं, शाळा संघाची, बदली झाली की ती आपली बॅग घेऊन निघते.