महालक्ष्मीची सजावट आवरण्याची घाई नको

गौरी-गणपतीची सजावट विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी खोक्यांत कोंबून माळ्यावर टाकण्याची आपल्याकडची पद्धत बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते, आणि सोलापूरकरांनी तर ती सर्वांत आधी बदलायला हवी. कारण आपल्या हवामानातच आहे. एरवी कोरडेठाक असणाऱ्या सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणजे बहुतेक वर्षी नेमका महालक्ष्म्यांच्या दिवसांत. मखराचा पुठ्ठा, कागदी फुले, मागचे पडदे आणि लक्ष्म्यांना नेसवलेल्या साड्या हा सगळा ओलावा शोषून घेतात, आणि आपण त्या तशाच प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवतो.

कसरीला याहून चांगली जागा मिळणार नाही. चंदेरी रंगाचा, पंख नसलेला आणि उजेड पडताच सरकन पळणारा हा किडा कोरड्या हवेत तग धरत नाही, पण दमट अंधारात खळ, कागद आणि पुठ्ठा खाऊन खुशाल राहतो. मैद्याच्या खळीने चिकटवलेली मखरे त्यामुळेच आधी खराब होतात. ज्यांचे आयुष्य मागावर गेले आहे, त्या पूर्व भागातल्या घरांना कांजी केलेल्या सुताला काय काय लागते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पिष्टाचा अंश जिथे असेल तिथे कसर आणि झुरळ हमखास येतात.

ओलाव्याच्या जोडीला आपण अन्नही आत ठेवतो. आमच्याकडे महालक्ष्म्यांवर फुलोरा बांधतात. करंज्या, पापड्या, वेण्या दोऱ्याला बांधून वर टांगलेल्या असतात आणि त्यांचे तेल-तूप नकळत खालच्या साडीवर ठिबकते. आमच्या घरातल्या एका जुन्या इरकल साडीचा रेशमी पदर मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, तेव्हा एका फिकट पिवळ्या डागाभोवतीच बारीक छिद्रांची गर्दी होती, घडीच्या कडेला जाळीसारखे काही चिकटलेले होते आणि चार बोटांच्या अंतरावरचे स्वच्छ रेशीम मात्र जसेच्या तसे होते. कापड खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर आणि रेशमावर जगते, आणि त्यातही तेल, घाम किंवा अन्न लागलेला भाग तिला आधी आवडतो. उडणारा पतंग कापड खातच नाही. तो अंडी घालतो, नुकसान करते ती अळी. सुती कापड या अळीला सहसा नको असते, पण त्यावर डाग असतील तर तेही सुटत नाही. पिलवंडांच्या, म्हणजे महालक्ष्म्यांच्या लेकरांच्या, अंगावरच्या झबल्या-टोपड्यांत अडकलेले तांदळाचे दाणे आणि ज्यांवर मुखवटे बसवतात त्या कोठ्यांच्या तळाशी राहिलेले गहू हा वेगळाच धोका आहे; त्यांत पोरकिडे होतात आणि दाण्यांच्या वासाने उंदीर येतात.

या सगळ्यावर आपल्याकडे एकच ठरलेला उपाय असतो, मूठभर डांबराच्या गोळ्या. या गोळ्यांवर आपण ठेवतो तेवढा विश्वास ठेवू नये, असे मी ठामपणे म्हणेन. गोळीची वाफ बंद पेटीत दाटून राहिली तरच किडा मरतो. झाकण सैल असलेल्या खोक्यात किंवा उघड्या माळ्यावर ती फक्त वास देते आणि विरून जाते. शिवाय ही वाफ माणसालाही निरुपद्रवी नाही. ज्या बाळांच्या रक्तात जी६पीडी या विकराची कमतरता असते, त्यांना नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांत गुंडाळल्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. पांढरीशुभ्र गोळी लहान मूल गोळी-बत्तासा समजून तोंडात घालू शकते, आणि तोच धोका कापराचाही आहे. वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, मात्र त्यांच्याकडून थोड्याफार अटकावापेक्षा जास्त अपेक्षा करू नये, आणि पाला ओला तर मुळीच ठेवू नये, कारण त्याच्याबरोबर ओलावाही पेटीत जातो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की विसर्जनानंतर सजावट फक्त उतरवावी, दाणे झटकावेत, डाग लागलेली वस्त्रे धुवायला काढावीत आणि बाकीचे सामान जुन्या सोलापुरी चादरीत सैलसर बांधून हवेशीर खोलीत ठेवावे. पक्की बांधाबांध कोजागरीनंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात करावी. रेशीम आणि जरीची वस्त्रे उन्हात थेट पसरू नयेत, रंग उडतो. सावलीत वाऱ्यावर दिवसभर टाकली तरी पुरते. रंगवलेले मुखवटे मऊ सुती कापडात, पितळी मुखवटे कोरडे पुसून, आणि कागदी सामान कपड्यांपासून वेगळे ठेवावे.

खोके कोणते, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातील नागमोडी पोकळ्या झुरळांना लपायला आणि अंड्यांच्या कुप्या चिकटवायला अगदी सोयीच्या असतात, आणि अनेकदा झुरळे घरात येतात तीच अशा खोक्यांबरोबर. त्याऐवजी घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी किंवा जाड प्लास्टिकचा डबा घ्यावा. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या फटीतूनही आत शिरतो आणि पातळ प्लास्टिक कुरतडतो, म्हणून ज्यांच्याकडे उंदरांचा वावर आहे त्यांनी पत्राच वापरावा. विजेच्या माळा तर पत्र्यातच ठेवाव्यात. वायरवरचे आवरण कुरतडलेले असेल तर पुढच्या वर्षी कागदी मखराशेजारी ठिणगी पडायला वेळ लागत नाही. माळ प्लगमध्ये घालण्यापूर्वी तिच्या पूर्ण लांबीवरून नजर फिरवावी.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर अनेक घरांनी लाकडी किंवा प्लायची मखरे करून घेतली, ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्याबरोबर वाळवीची काळजीही आली. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत भिंतीने वर चढते. गावठाणातल्या माळवदाच्या घरांत तर छतालाही माती आणि लाकूडच असते, तेव्हा मखराच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, लोखंडी घोडीवर भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात.

आणखी एक वेळ पाळावी. चैत्र-वैशाखात, पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी पापड-कुरडयांची वाळवणे पडतात, तेव्हा ही पेटीही एकदा उघडावी. साडीच्या घड्या बदलाव्यात, तळाशी भुसा, छिद्रे किंवा काळे बारीक कण दिसतात का ते पाहावे. रेशमात अळी सापडलीच, तर ते वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर कापडावर पाणी सुटते.

हे सगळे काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येते, तेही सोवळे-ओवळे, स्वयंपाक आणि हळदीकुंकू उरकून ती थकलेली असताना, आणि घाई होते ती त्यामुळेच. मखर उभे करायला मुले, भाऊ, दीर, शेजारी असे सगळे हौसेने जमतात. कोजागरीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी त्याच मंडळींनी पेटीभोवती बसावे, एकाने पुसावे, एकाने घड्या घालाव्यात, एकाने झाकणावर आतल्या सामानाची चिठ्ठी चिकटवावी; चार जण असतील तर हे काम दुपारच्या जेवणाआधी उरकते.