पर्समधलं निळं कार्ड

डिसेंबरात ठाण्यात नौपाड्याला माहेरी गेले, तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "ताई, तब्येत सुधारलीय हो तुमची!" तब्येत कसली, प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळीने सुजलेले गाल ते.

मी इंग्लंडात लेस्टरला राहते. गेल्या वर्षी खांदे इतके आखडले की वेणी घालता येईना. निदान झालं पॉलिमायाल्जियाचं, म्हणजे खांदे-कंबर आखडवणाऱ्या सुजेच्या आजाराचं. रोज 15 मिलिग्रॅम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी हात डोक्यापर्यंत गेला. मग राक्षसी भूक, रात्री तीनपर्यंत टक्क जाग, साखरेच्या तपासण्या आणि हाडांसाठी कॅल्शियम.

हे सांगितल्यावर भाऊ उसळलाच. "स्टेरॉईड? आधी बंद कर ते. करोनात काय झालं विसरलीस?"

विसरले नाही. 2020 मध्ये इंग्लंडमधल्याच चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने ऑक्सिजनवरच्या करोना रुग्णांचे जीव वाचतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ते घरी झोपलेल्यांनाही दिलं गेलं. आधीच मधुमेह, त्यात साखर भडकलेली. काळ्या बुरशीला रान मोकळं मिळालं. भावाची भीती हवेतून आलेली नाही.

पण त्याच्याच बाथरूमच्या फळीवर, दाढीच्या ब्रशशेजारी, गजकर्णाची पिळून चपटी झालेली ट्यूब होती. चष्मा लावून वाचलं: क्लोबेटासोल. लावायच्या स्टेरॉईडमधलं सगळ्यात जहाल. ते चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलं आणि तीन महिने रोज लागतंय. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र पसरत राहते आणि कातडी पातळ होते. सांगितलं तर म्हणाला, "अगं, हे मलम आहे. स्टेरॉईड कुठे?"

माझ्या पर्समध्ये स्टेरॉईड घेणाऱ्यांचं एक निळं कार्ड असतं. हे औषध अचानक थांबवू नका, असं त्यावर छापलंय. महिनोन्‌महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं नैसर्गिक स्टेरॉईड, बनवायचं सोडतं. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणजे भावाचा 'आधी बंद कर' हा प्रेमळ सल्लाच सगळ्यात घातक होता.

इकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. डॉक्टरांची वेळ मिळायला मला तीन आठवडे लागले. तोवर माझी वेणी नवरा घालत होता, आणि कशी घालत होता ते विचारू नका. ठाण्यात त्याच संध्याकाळी कुणी तपासलं असतं. मला ठाण्याची ती संध्याकाळ हवी आणि इथलं कार्डही. स्टेरॉईड चांगलं की वाईट यावर घराघरात भांडण्यापेक्षा किती दिवस घ्यायचं आणि कसं उतरवायचं, एवढं तरी चिठ्ठीवर लिहून मागावं.

मी आता 7 मिलिग्रॅमवर आलेय, महिन्याला एकेक कमी करत. परवा फोनवर वहिनीला विचारलं, ती ट्यूब टाकली का त्याने?

"ती संपली हो," म्हणाली. "नवी आणलीय."