एजंटले सारं समजते, तुम्ही निवांत राहा

राजेहो, आता शेतकरी उत्पादक कंपनीलाही एआय एजंट पाहिजे. कास्तकाराने धुऱ्यावर बसून विचारायचं, "सोयाबीन आज विकू का थांबू?" आणि एजंटने भाव काढून, सातबारा पाहून उत्तर द्यायचं. ही कामं तो तुम्ही दिलेल्या टूल्सकडून, म्हणजे एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांकडून, करून घेतो आणि प्रत्येक टूलसोबत चार ओळींचं वर्णन लिहायचं असतं. तुमच्यासारख्या कामाच्या माणसाचा वेळ त्यात जाऊ नये, म्हणून हा सल्ला.

टूलला 'माहिती_आणा' असं नाव द्या. पुढच्याला 'माहिती_काढा', त्यापुढच्याला 'माहिती_नवीन', आणि कापसाचा हंगाम तोंडावर आला की 'माहिती_नवीन_फायनल'. कोणतं कधी वापरायचं हे सांगत बसू नका. एजंट चिठ्ठ्या टाकून ठरवेल.

काही शहाणे म्हणतील, मॉडेलला, म्हणजे एजंटच्या डोक्याला, तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि आत काय-काय द्यायचं त्याचा तक्ता, एवढंच त्याच्यापुढे येतं. ओपनएआयने २०२३ च्या जूनमध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूलला हाक मारायची सोय, आणलं तेव्हापासून हे ऐकतोय. अँथ्रॉपिकने २०२४ च्या नोव्हेंबरात मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल्स जोडायची सामाईक रीत, आणला, तरी रडगाणं तेच. त्या प्रोटोकॉलमध्ये तर वर्णनाचा रकाना सक्तीचाही नाही. सक्तीचं नाही ते आपण कधी भरलंय?

अगदीच भरायचा झाला, तर 'भाव आणते' एवढं लिहा. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. टूलने नुसतं '८११०' परत करावं. तो हमीभाव की बाजार समितीतला आजचा भाव, कोणत्या धाग्याचा, कोणत्या सालचा, हे गुलदस्त्यात राहू द्या. जिनिंगवाले रुईचा भाव खंडीत बोलतात आणि ती खंडी ३५६ किलोची. एजंटने दोन्ही आकडे शेजारी ठेवून कास्तकाराला सांगितलं की खंडीला ८,११० मिळतात, तर तो बिचारा क्षणभर खाटेवर बसेल. बसू द्या.

खरी मजा 'क्षेत्र' या रकान्यात आहे, तिथे हात आखडता घेऊ नका. सातबाऱ्यावर ०.८१ असतं ते हेक्टर-आरमध्ये, म्हणजे आपले दोन एकर. तुम्ही रकान्याचं नाव 'क्षेत्र' ठेवा, प्रकार 'संख्या' ठेवा आणि गप्प राहा. कास्तकार "दोन" म्हणेल, कारण वावर तो एकरातच मोजतो. सातबाऱ्याचं टूल ०.८१ म्हणेल. एजंट दोघांचाही मान राखेल: खत दोन हेक्टरचं काढेल आणि बियाणं एका एकरालाही पुरणार नाही एवढं.

गावाचंही तसंच. सावंगी, वडगाव, पिंपरी या नावांची गावं तालुक्या-तालुक्यात, वर बुद्रुक आणि खुर्द वेगळे. जनगणनेचा सहा अंकी गावसंकेतांक मागितला की प्रश्न मिटतो, पण मग एजंटला अंदाज बांधायची संधी कुठे उरली? तारीख '०५/०६' अशीच घ्या. ५ जूनची पेरणी त्याने ६ मेची समजली, तर बोंडअळी तुमच्या नावानं दुवा देईल.

परवा आमच्या शेजारचे आजोबा नातवाला कृषी केंद्रात धाडत होते. "चिठ्ठीवरचंच औषध आन. अडीचशे मिलीचा डबा. दुकानदार म्हनन का तेच हाये पन दुसऱ्या कंपनीचं, त घेऊ नको, मले फोन लाव. तननाशक आनशीन त याद राख, पऱ्हाटी जयते." पोरगा गावातलाच, दुकान रोजच्या वाटेवरचं, चिठ्ठीही हातात, तरी म्हाताऱ्याने काय आणायचं, किती, काय आणायचं नाही आणि अडलं तर काय करायचं, सगळं सांगितलं. असली संशयी माणसं टीममध्ये घेऊ नका. कामाचा वेग जातो.

वर्णन लांबलं की टोकन, म्हणजे मॉडेल ज्यांच्यावर बिल लावतं ते शब्दांचे तुकडे, खर्च होतात, हे मात्र खरं. म्हणून दोन ओळी वाचवा आणि एका गावाचा भाव विचारला की साऱ्या राज्याच्या बाजार समित्यांचा अख्ख्या हंगामाचा तक्ता एजंटच्या अंगावर ओता. टूल अडलं तर 'काहीतरी चुकलं' एवढाच निरोप द्या. "गट क्रमांकासोबत हिस्सा पण द्या, जसं ४५/२" असं लिहिलं, तर तो दुसऱ्या खेपेला बरोबर करून मोकळा होईल. काहीच कळलं नाही, तर तीच हाक पुन्हा पुन्हा मारत बसेल, बिल फुगेल आणि वरच्या साहेबांना वाटेल, काम जोरात आहे.

कापूस विक्रीची नोंदणी दाखवणारं आणि रद्द करणारं टूल एकच ठेवा. वर्णन: 'नोंदणी'. कास्तकार म्हणाला, "माह्या नोंदणीचं पाहा बरं," की एजंट पाहीलच. काय पाहील, ते दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्राच्या फाटकावर कळेल.

बोंब झालीच, तर मॉडेल बदला. तरी भागलं नाही, तर सूचनांमध्ये वर ठळक अक्षरांत 'कृपया चूक करू नये' असं लिहा. आणि मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, बाप्पा, टूलचं वर्णन तरी वाचून दाखवा, तर मान वर करून सांगा, ते एआयनेच लिहिलं आहे.