घटनादुरुस्त्यांचा आकडा आणि खरी चिंता

नमस्कार. 'ज्या घटनेत 106 दुरुस्त्या कराव्या लागल्या ती मुळातच कच्ची. अमेरिकेत फक्त 27 झाल्या. आपल्याकडे बहुमत मिळालं की काहीही बदलता येतं,' असं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही.

आपली घटना पहिल्यापासूनच 395 कलमांची. कर कोणी कोणता लावायचा, आठव्या अनुसूचीत कोणत्या भाषा, हे सगळं त्यातच. त्यामुळे 1992 साली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी यादीत घ्यायच्या तर 71वी दुरुस्ती करावी लागली. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव मतदारसंघांची मुदत दर दहा वर्षांनी वाढवण्यातच सात दुरुस्त्या गेल्या. यात कच्चेपणा कुठे आला?

साधं बहुमतही पुरत नाही. कलम 368 प्रमाणे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. संयुक्त बैठकीची पळवाट नाही. केंद्र-राज्य अधिकारांच्या वाटणीला हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही हवी. जीएसटीच्या वेळी ती घ्यावी लागली. वर सर्वोच्च न्यायालयाचा 1973चा केशवानंद भारती निकाल आहेच: 13 न्यायमूर्ती, 7 विरुद्ध 6, आणि घटनेची मूलभूत चौकट मोडायला संसदेला मनाई. आणीबाणीतल्या 42व्या दुरुस्तीने घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हान देण्याचा मार्गच बंद केला होता. मिनर्व्हा मिल्स खटल्यात 1980 साली ती तरतूद रद्द झाली. केशवानंदसारख्या इतक्या निसटत्या बहुमताने आलेल्या निकालावर आपण आजही उभे आहोत, याची मला धास्ती वाटते, हे मात्र खरं.

पण तुमच्या आकड्यात जे येतच नाही, तिथे तुमची भीती रास्त आहे. कलम 3. राज्य तोडायचं, जोडायचं, नाव बदलायचं, तर संसदेत साधं बहुमत पुरतं, आणि कलम 4 म्हणतं की याला घटनादुरुस्ती समजू नये. महाराष्ट्र आणि गुजरात 1960 साली असेच झाले. संबंधित विधानसभेचं फक्त मत विचारतात, ते बंधनकारक नसतं. 2014 साली आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी त्याच वर्षी 2 जूनला तेलंगण झालं. तेलंगणची मागणी न्याय्य होती असं मी मानतो. तरीही ज्या राज्याचे तुकडे व्हायचे त्याच्या विधानसभेला नुसतं विचारून पुढे जाता येतं, हे मला संघराज्यात मान्य नाही. कलम 3 मध्ये त्या विधानसभेच्या संमतीची अट असावी, निदान दोन तृतीयांश सदस्यांची तरी.