आवडतं पात्र : निगा आणि खबरदारी

मालिकेतलं एखादं पात्र आवडायला लागलं, तर पहिलं पथ्य हे की त्याचा गवगवा करू नका. मोती चौकात पेढे घेताना करू नका, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईजवळ करू नका. आवड बाहेर फुटली की फिरत फिरत चॅनेलपर्यंत जाते, आणि 'हे माणूस लोकांना आवडतंय' असं चॅनेलला कळलं की त्या माणसाचे दिवस भरले म्हणून समजा.

तुम्ही साताऱ्याकडचे आहात आणि तुम्हाला आत्या आवडते, असं धरून चालू. कुठली मालिका ते विचारू नका. आत्या बहुतेक मालिकांत असते आणि बहुतेक ठिकाणी तिचं हेच होतं. आपली आत्या कोरेगाव तालुक्यातली, नवरा गेल्यावर दोन एकर आलं एकटीनं उभं करणारी. दुसऱ्याच आठवड्यात तिचा एक प्रसंग होता. व्यापारी बांधावर आला आणि म्हणाला, नवं आलं वेगळं काढा, त्याला दर कमी पडंल. आत्या बसल्या जागेवरनं हलली नाही. हातातल्या कंदाची माती अंगठ्यानं काढत म्हणाली, "गाडी म्हंजी पाचशे किलो. त्यात नवं-जुनं सगळं आलं. न्ह्यायचं तर सरसकट न्ह्या, न्हाईतर मोकळी गाडी वळवून घ्या. रस्ता रुंद हाय."

हा प्रसंग लिहिणाऱ्यानं कधीतरी काट्याजवळ उभं राहून वजन बघितलेलं होतं. आल्याची गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे आणि ट्रकही नव्हे, ते ५०० किलोचं माप आहे. नवं-जुनं वेगळं करून दर पाडायचा वाद काय असतो, तेही ज्याच्या घरात आलं पिकतं त्यालाच ठाऊक. तुमचा घास हातात तसाच राहिला. इथंच तुमचं चुकलं. घास तोंडात घालून चॅनेल बदलायला हवं होतं.

पुढं जे होतं त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, एवढं लक्षात ठेवलंत तर जीव कमी जळेल. सगळा हिशेब आहे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की भाग उरतो साधारण २२ मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग, म्हणजे २ तास १२ मिनिटं. दर आठवड्याला एका अख्ख्या सिनेमाएवढी गोष्ट पुरवायची, तीही वर्षानुवर्षं. आता घरात आत्यासारखं माणूस असलं तर काय होतं बघा. सोमवारी धाकट्या सुनेनं पाटल्या लपवल्या. आत्यानं सोमवारीच तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काढ." मंगळवारी पाटल्या डब्यात. बुधवारी दाखवायचं काय? तेच आत्याला काही समजलं नाही, तर पाटल्यांवर सात आठवडे निघतात. शहाणं माणूस हे मालिकेतलं सगळ्यात खर्चिक माणूस असतं. बाकीच्यांच्या भानगडींवर घर चालतं आणि हे येऊन दर सोमवारी भानगड मिटवतं.

म्हणून आत्याला मारत नाहीत, आधी तिला येडी करतात.

याची लक्षणं वेळेवर ओळखायला शिका. पहिलं लक्षण बोलण्यात दिसतं. पूर्वी पूर्ण वाक्यं बोलणारी बाई "अगं पण मी..." एवढंच म्हणते आणि कुणीतरी तिला तोडतं. दुसरं लक्षण उभं राहण्यात. घरातली मंडळी देवघरासमोर रांगेनं उभी असतात, त्यात मधे असणारी आत्या हळूहळू टोकाला सरकते. टोकाचं माणूस उद्या काढून टाकलं तरी चौकट बिघडत नाही. तिसरं लक्षण लुगड्याचं. इरकल जाऊन अंगावर छापाची साडी आली की कपडेपटानंसुद्धा आशा सोडली म्हणून समजा. खोकल्याला मात्र घाबरू नका. खोकला लागला तर आत्या सन्मानानं मरेल, आणि तेवढं नशीब सगळ्यांचं नसतं.

येडेपणाचा मुख्य डोस म्हणजे कोऱ्या कागदावरची सही. जेवायच्या टेबलावर (हे टेबल कुठून आलं विचारू नका, पहिल्या महिन्यात सगळे पाटावर बसत होते) धाकटी सून कागद पुढं करते आणि म्हणते, गॅसच्या सबसिडीचा आहे. दहा किलोची काटामारी नुसत्या नजरेनं ओळखणारी बाई चष्मा शोधते. चष्मा सापडत नाही. ती सही करते. वीज कडाडते. घरातली नऊ माणसं चमकतात. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झेपावतो, एक झेप तीन सेकंदांची. नऊ गुणिले तीन गुणिले तीन, एकूण ८१ सेकंद. संध्याकाळपर्यंत दोन एकर सुनेच्या भावाच्या नावावर.

या वेळी हातातला रिमोट फेकू नका, महाग असतो. शांतपणे घरच्यांना समजावून सांगा की जमीन अशी जात नाही. खरेदीखत करायचं तर मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकासमोर स्वतः उभं राहावं लागतं. तिथं फोटो निघतो, मशिनवर अंगठा घेतात, ओळख पटवणारी दोन माणसं लागतात. त्यानंतर तलाठ्याकडं फेरफाराची नोंद. त्यावर नोटीस निघते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि तेव्हा कुठं सातबारा हलतो. एवढं सगळं दाखवलं असतं तर तीन आठवडे फुकटात निघाले असते, आणि आत्या पंधराव्या दिवशी तलाठ्यापुढं हरकतीचा अर्ज आपटायला हजर झाली असती. पण मग ती पहिलीच आत्या झाली असती की. घरचे तुमच्याकडं बघतील आणि म्हणतील, गप बस, ऐकू येत न्हाई. तेवढ्यात पुन्हा वीज कडाडते.

याच सुमाराला आत्याची भाषा बदलेल. मालिका एक माणूस लिहीत नसतो. गोष्टीची वनलाइन एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. यातला संवादवाला सोडून गेला की पात्राची जीभ त्याच्याबरोबर जाते. नवा येतो त्याच्या लेखी सातारी बोली म्हणजे कुठल्याही वाक्यात 'लय' घालायचं आणि शेवटी 'बगा'. मग आत्या "कुठं निघालासा?" विचारायची ती "तू कुठे निघाला आहेस बगा?" विचारायला लागते. एरवी पुस्तकी मराठी, शेवटी एक बगा, जसं वरणावर आठवणीनं कोथिंबीर टाकावी. रडायचा प्रसंग आला की तेवढीही राहत नाही. मालिकेतलं माणूस रडायला लागलं की थेट सदाशिव पेठेत पोचतं.

सांगलीच्या पाहुण्यांना मात्र यातलं काही सांगायला जाऊ नका. आपल्याला वाटतं हळदीचं गाव आहे, सहानुभूती मिळेल. पण ते नाट्यपंढरीचे लोक, बोलायला सुरुवात करतात ती १८४३ पासून. विष्णुदास भावे, पटवर्धन संस्थान, सूत्रधार, विदूषक, सगळं होतं आणि मग तुमची आत्या. त्यांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. त्या जुन्या नाटकांत राक्षस 'अलल्डुर्र' करत यायचा, तलवार फिरवायचा, रंगमंच हादरवायचा. पण राक्षस म्हणून आला तो राक्षस म्हणूनच गेला. मधल्या अंकात त्याला कुणी सोमवार धरायला लावले नाहीत.

आता गुरुवारचं बघू, कारण आत्याचं भविष्य गुरुवारी ठरतं. टीआरपीचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. त्याचे आकडे येतात पुढच्या गुरुवारी. म्हणजे सोमवारी आत्यानं सही केली तर तुम्हाला किती वाईट वाटलं हे चॅनेलला दहा दिवसांनी कळतं. तेही वाईट म्हणून नाही, आकडा म्हणून. तुम्ही डोळे पुसत बघितलं, दात-ओठ खात बघितलं की पापड भाजता भाजता बघितलं, टीआरपीचा मीटर सारखाच फिरतो. सहीच्या आठवड्यात आकडा वर गेला की ठरलं, लोकांना सही आवडली. आणखी सह्या घ्या.

यावर बाणेदार प्रेक्षक म्हणतात, मग आम्ही बघणंच बंद करतो. करा की. पण मीटर काही तुमच्या टीव्हीत नसतो. तो निवडक घरांत बसवलेला असतो. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती खूण मीटर टिपतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं, कोण बघतंय ते कळायला. ती घरं कुठली हे गुप्त ठेवतात. तेव्हा तुमच्या घरी मीटर नसेल, तर तुम्ही मालिका बघितलीत काय आणि पोवई नाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्यात काय, आकड्याला फरक शून्य. निषेध म्हणून टीव्ही बंद केलात तर वीज वाचेल, तो फायदा आहेच.

तक्रारीचीही चोख सोय आहे. २०२१ साली केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्याप्रमाणे आधी चॅनेलकडं लेखी तक्रार करायची. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल. मन भरलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्याच स्वयंनियमन मंडळाकडं अपील, आणि त्याच्याही वर केंद्र सरकार. अर्जात काय लिहायचं तेवढी अडचण येते. कार्यक्रम संहितेत अश्लीलता आहे, हिंसेला चिथावणी आहे, अंधश्रद्धेला उत्तेजन आहे, बदनामी आहे, अर्धसत्यसुद्धा आहे. 'दोन एकर आलं करणाऱ्या बाईला येडी केली' याचं कलम नाही. बदनामीत बसवायला जाल तर तिकडून नम्र उत्तर येईल की आत्या ही व्यक्ती नसून पात्र आहे. बदनाम व्हायला आधी सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि तिचं तर उतरवलंय.

अर्ज करायचाच तर अंधश्रद्धेचा करा. चष्मा हरवला की विवेक हरवतो, ही समजूत बरीच पसरली आहे.

शूटिंगच्या ठिकाणी जाऊन जाब विचारायची हौसही काहींना येते. वाईकडं घाट आहेत, वाडे आहेत, शूटिंग बारमाही चालू असतं, त्यामुळं मोह होणारच. गेलात तर आत्याच्या घराचं दार बघाल. दारातनं आत शिरलात की समोर जनरेटरच्या वायरी आणि मागं मोकळं अंगण. दरवाजा, ओसरी, तुळस इथं. माजघर, देवघर आणि ती नऊ चमकणारी माणसं दुसरीकडं उभ्या केलेल्या सेटवर. तिथं जो माणूस चहा प्यायला बसलेला असेल तो जेवणाचे डबे बघणारा असेल. त्याच्यावर ओरडू नका. आत्या गेली याचं त्याला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय, एक डबा कमी झाला.

तर, आत्या जाते. मारण्याचा खर्च त्यांना परवडत नाही. मरण म्हटलं की फोटो मोठा करायला हवा, हार हवा, सगळ्यांना पांढरे कपडे हवेत, दहाव्याचे-तेराव्याचे किमान तीन भाग हवेत, आणि नऊच्या नऊ कलाकारांच्या तारखा एका दिवशी जुळायला हव्यात. त्यापेक्षा वारी बरी. वारीला एक वाक्य लागतं. धाकटी सून पदर सावरत म्हणते, "आत्याबाई माउलींबरोबर गेल्या ना." लगेच दुसरा प्रसंग. चटईवर बसून आल्याचं बेणं निवडणारी, कुजका कंद बोटाच्या नखानं ओळखून बाजूला टाकणारी बाई, पदराच्या एका हालचालीत संपली.

इथं एक धोका आहे, आणि त्यावर उपाय सापडलेला नाही. तुमच्या घरात आजी असेल तर ती वारी मोजते. पालखी लोणंदला कधी येते तिला माहीत असतं, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं हे माहीत असतं, तरडगाव, फलटण, बरड, सगळे मुक्काम तोंडपाठ. लोणंदहून पायी निघालेलं माणूस आठ-दहा दिवसांत पंढरीत पोचतं. परतीला एस.टी. आहे. आषाढी झाली. चातुर्मास चालू झाला. मालिकेत गौरी बसल्या, सुनेनं आत्याच्या जागी बसून ओवसा केला, कुणी काही बोललं नाही. दसरा झाला. आजी रोज सात वाजता खाट ओढून टीव्हीसमोर बसते, दार उघडायचा आवाज झाला की मान वर करते, दुसरंच कुणीतरी आत येतं, ती मान खाली घालते.

तिला टीआरपी समजावून सांगू नका, सांगून बघितलंत तरी ऐकणार नाही. वाटेत आजारी पडली असंल म्हणा. पंढरीत मठात राहिली असंल म्हणा. कार्तिकीपर्यंत निभावेल. कार्तिकी झाल्यावर ती तुम्हालाच विचारेल, तुमच्याकडं न बघता, तांदळातला खडा टाकत टाकत :

"दोन एकर आलं हाय तिचं. काढायला झालं आसंल. आजून आली न्हाई व्हय?"